नवा संघ कुणाला? जिथे लीगच्या आधीपासून मैदान भरते त्या शहराला

इंडियन सुपर लीगमध्ये नवे संघ घ्यायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्या शहरात गुंतवणूकदार कोण आहे? दुसरा प्रश्न: विमानतळ आहे का, पंचतारांकित हॉटेल आहे का? तिसरा: टीव्हीवर ते शहर 'विकले' जाईल का? त्या शहरात लोक फुटबॉल खेळतात का, पाहतात का, त्यासाठी भांडतात का, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि बहुतेक वेळा येतच नाही.

या लेखाचे म्हणणे सरळ आहे. प्रश्नांचा हा क्रम उलटा करा. संघ अशा शहराला द्या जिथे लीग येण्याआधीपासून मैदान भरत आले आहे. कोझिकोड, श्रीनगर, आयझॉल ही त्या यादीतली पहिली नावे. आपल्या महाराष्ट्रातून कोल्हापूर. आणि हा सल्ला 'भावनिक' वाटत असेल, तर गेल्या दहा-अकरा वर्षांचा हिशेब मांडून पाहू. भावनेच्या भरात पैसे कुणी बुडवले ते लगेच कळेल.

आठ शहरे, तीन पडझडी

२०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते: कोलकाता, मुंबई, पुणे, दिल्ली, गोवा, चेन्नई, कोची आणि गुवाहाटी. कोचीच्या मालकांत सचिन तेंडुलकर होते, कोलकात्यात सौरव गांगुली, मुंबईत रणबीर कपूर. पुण्याशी पुढे हृतिक रोशनचे नाव जोडले गेले. झगमगाट भरपूर होता. पुढे काय झाले?

एफसी पुणे सिटी पाच हंगाम खेळला आणि २०१९ मध्ये संपला. दिल्ली डायनामोज त्याच वर्षी भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. कोलकात्याचा एटीके २०२० मध्ये मोहन बागानमध्ये विलीन झाला. म्हणजे आठपैकी तीन संघ सहा वर्षांत आपल्या मूळ रूपात राहिले नाहीत. पुण्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबादने २०२१-२२ चा चषक जिंकला, त्यानंतर खेळाडूंचे पगार थकले आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलवला गेला. ज्या दिल्लीतून २०१९ मध्ये एक संघ उठला होता, तिथेच दुसरा जाऊन बसला. याला विस्तार म्हणायचे की फेरीवाल्याची गाडी?

पुण्याची गोष्ट तर आपल्या डोळ्यांसमोरची आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी आय-लीगमध्ये चांगला खेळत होता, त्याची युवा अकादमी नावाजलेली होती. लीग आल्यानंतर तो २०१५ मध्ये बंद पडला. त्याच सुमारास आलेला भारत एफसी एका हंगामात गेला. मग फ्रँचायझी गेली. एका शहरात तीन व्यावसायिक संघ आले आणि तिन्ही संपले. कारण पुण्याला फुटबॉल आवडत नाही असे नाही. कारण असे, की एकाही संघाच्या कारभारात पुणेकराला जागा नव्हती. मालकाने दिवा मालवला की घर अंधारात.

२०१७ ची यादी आठवा

मे २०१७ मध्ये नव्या संघांसाठी बोली मागवल्या गेल्या, तेव्हा दहा शहरांची यादी देण्यात आली होती: अहमदाबाद, बंगळूर, कटक, दुर्गापूर, हैदराबाद, जमशेदपूर, कोलकाता, रांची, सिलिगुडी आणि तिरुअनंतपुरम.

या यादीत काय नाही ते बघा. कोझिकोड नाही. श्रीनगर नाही. शिलाँग नाही, इंफाळ नाही. आणि आयझॉलही नाही. गंमत अशी, की बोली मागवण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, ३० एप्रिल २०१७ रोजी, आयझॉल एफसीने आय-लीग जिंकली होती. ईशान्य भारतातला संघ पहिल्यांदाच देशाचा विजेता झाला होता. विजेता मैदानावर उभा आहे, आणि संघ कुठे द्यायचा याची यादी करणाऱ्यांना तो दिसत नाही!

त्या फेरीत शेवटी आले बंगळूर आणि जमशेदपूर. दोन्ही टिकले. का टिकले हे समजून घेण्यासारखे आहे. बंगळूर एफसी लीगमध्ये येण्याआधी चार वर्षे आय-लीग खेळत होता, दोनदा ती जिंकला होता आणि कांतीरवा स्टेडियमच्या एका बाजूला त्याचे स्वतःचे समर्थक उभे राहिले होते. जमशेदपुरात १९८७ पासून टाटा फुटबॉल अकादमी आहे. म्हणजे लीगने ही शहरे घडवली नाहीत. घडलेली शहरे लीगला मिळाली. धडा समोर होता, पण पुढच्याच संधीला, २०१९ मध्ये, पुण्याचा संघ उचलून हैदराबादला ठेवला गेला.

'बाजार' कुठे गेला?

इथे नेहमीचे उत्तर येते: भावना ठीक आहे हो, पण लीग बाजारावर चालते. मान्य. मग बाजाराचाच निकाल पाहू.

लीगच्या व्यावसायिक हक्कांचा मुख्य करार २०१० मध्ये १५ वर्षांसाठी झाला होता. २०२५ मध्ये तो संपत आला आणि सगळा डोलारा थांबला. नवा हंगाम लांबणीवर पडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खेळाडूंना सामने कधी होणार हे कळेना. महासंघाने हक्कांसाठी निविदा काढली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. ज्या बाजाराचे नाव घेऊन शहरे निवडली, तो बाजार दारात आलाच नाही.

मग लीग बंद होऊ नये म्हणून आवाज कुणी उठवला? खेळाडूंनी आणि समर्थकांनी. पैसा पाहुणा असतो, सोय असेपर्यंत राहतो. प्रेक्षक घरचा असतो.

हे मॉडेल अमेरिकेतून उचलले आहे असे सांगितले जाते. तिथल्या मेजर लीग सॉकरमध्ये २००४ साली १० संघ होते, २०२५ मध्ये सॅन दिएगो आल्यावर ३० झाले. तिथेही संघ मोठी फी भरून येतात, खाली उतरत नाहीत. पण त्यांचे सर्वांत यशस्वी नवे संघ पाहा: सिएटल, पोर्टलंड, सिनसिनाटी. तिन्ही शहरांत खालच्या स्तरावरच्या सामन्यांना आधीपासून गर्दी होती. लीगने ती गर्दी पाहिली आणि मग दार उघडले. आपण नकल केली ती फीची. गर्दी पाहायची अक्कल तेवढी तिथेच राहिली.

पहिला हक्क कोझिकोडचा

मलबारात फुटबॉल म्हणजे शेतातली कापणी झाल्यावर सुरू होणारा दुसरा हंगाम. मलप्पुरम आणि कोझिकोड जिल्ह्यांत 'सेव्हन्स', म्हणजे सात-सात जणांचे सामने, तात्पुरत्या बांबूच्या गॅलऱ्यांत रात्री दिव्यांच्या उजेडात होतात. आफ्रिकेतून खेळाडू येतात, गावोगावचे क्लब त्यांना ठेवून घेतात. २०१८ चा 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' हा मल्याळी चित्रपट याच जगावर आहे. कोझिकोडात १९५२ पासून सेठ नागजी ट्रॉफी खेळली गेली. नाव गुजराती व्यापाऱ्याचे, गॅलरीत माप्पिळा, थिय्या, नायर सगळे. अनस एडथोडिका, आशिक कुरुनियन हे भारताकडून खेळलेले मलप्पुरमचे मुलगे.

मे २०२२ मध्ये मंजेरीच्या पय्यनाड स्टेडियममध्ये संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना झाला. केरळ विरुद्ध बंगाल. रमजान नुकताच संपत होता, दुसऱ्या दिवशी ईद, आणि स्टेडियम तुडुंब भरलेले. राज्यांच्या संघांची ही स्पर्धा इतर ठिकाणी रिकाम्या बाकांसमोर होते. इथे लोक सामन्याच्या कितीतरी आधी येऊन बसले होते.

आणि क्लब? कोझिकोडच्या गोकुलम केरलाने २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी लागोपाठ दोनदा आय-लीग जिंकली. वरच्या लीगमध्ये जायचा रस्ता त्या दोन्ही वर्षी बंद होता. तो उघडला २०२२-२३ च्या विजेत्यासाठी. गोकुलमच्या महिला संघाने तर देशाची महिला लीग तीनदा जिंकली आहे. अजून काय सिद्ध करायचे राहिले? 'केरळला कोचीचा संघ आहे ना' हे उत्तर देऊ नका. कोचीच्या गॅलरीतला पिवळा समुद्र मोठ्या प्रमाणात मलबारातूनच बस आणि रेल्वेने येतो. सामना संपल्यावर रात्रभर प्रवास करून सकाळी कामाला जातो. बंगालला तीन संघ चालतात, मग केरळला दुसरा का जड होतो?

श्रीनगर: जोखीम कुणाची आणि कुणासाठी

रिअल काश्मीरची स्थापना २०१६ ची. २०१४ च्या महापुरानंतर रिकाम्या बसलेल्या पोरांच्या हाती फुटबॉल द्यावा, इतक्या साध्या विचारातून हे काम सुरू झाले. करणारे दोघे: हॉटेल व्यावसायिक संदीप चट्टू आणि पत्रकार शमीम मेराज. एक काश्मिरी पंडित, एक काश्मिरी मुसलमान. दोन वर्षांत संघ दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये आला आणि २०१८-१९ च्या पहिल्याच हंगामात तिसरा राहिला. टीआरसी मैदानावर थंडीत फेरन घातलेले हजारो लोक उभे राहून सामने बघत होते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाचा हल्ला झाला. मिनर्वा पंजाबचा संघ श्रीनगरला आला नाही. ईस्ट बंगालविरुद्धचा सामना दिल्लीला हलवला गेला. भीती खोटी होती असे कुणी म्हणणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांची हत्या झाली, त्यानंतर हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. पण त्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्याने निषेधार्थ कडकडीत बंद पाळला, हेही लक्षात ठेवा. दहशतवाद्यांना तिथे काय नको आहे? रोजचे, साधे, गर्दीचे जगणे. शनिवारी संध्याकाळी मैदानावर जमलेली हजारो तरुण पोरे आणि त्यांच्या तोंडी गोव्याच्या किंवा मुंबईच्या संघाला दिलेली शिवी, यापेक्षा साधे जगणे कोणते?

सरकार म्हणते काश्मीर सामान्य झाले आहे. मे २०२३ मध्ये जी-२० ची बैठक तिथे झाली. २०२४ मध्ये बक्षी स्टेडियमवर निवृत्त क्रिकेटपटूंची लीग झाली. मग फुटबॉललाच नेमकी अडचण का? बर्फाचा प्रश्न खरा आहे. डिसेंबर-जानेवारीत श्रीनगरचे सामने बाहेर ठेवा आणि वसंतात घरी खेळवा. वेळापत्रक माणसांनी बनवलेले असते.

अफशां आशिक हे नाव आठवते का? २०१७ मध्ये तिचा दगड भिरकावतानाचा फोटो देशभर गाजला. ती फुटबॉल खेळाडू होती. पुढे जम्मू-काश्मीरच्या महिला संघाची गोलरक्षक आणि कर्णधार झाली. पोरांच्या हातात काय द्यायचे याचा निर्णय नेहमी पोरेच घेतात असे नाही. तो मोठ्यांनीही घ्यायचा असतो.

ईशान्येला एकच खुर्ची का?

२०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या २१ जणांच्या संघात आठ खेळाडू एकट्या मणिपूरचे होते. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल करणारा जिक्सन सिंगही मणिपूरचाच. मिझोराममध्ये २०१२ पासून राज्याची स्वतःची प्रीमियर लीग आहे, तिथली वाहिनी सामने दाखवते, लोक ते घरोघरी बघतात. पण लीगमध्ये आठ राज्यांसाठी संघ एकच: गुवाहाटीचा 'नॉर्थईस्ट युनायटेड'. खेळाडू तोलून घ्यायचे आणि खुर्ची एकच द्यायची, हा खेळातला दुजाभाव नाही तर काय? आयझॉलने मैदानावर हक्क कमावला होता. तो त्याला उशिरा का होईना मिळाला पाहिजे.

कोल्हापूरचे काय?

आता आपल्या दारात येऊ. महाराष्ट्रात लीगचा संघ फक्त मुंबईत आहे. पण महाराष्ट्राचे फुटबॉलचे शहर मुंबई नाही, कोल्हापूर आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावे पेठेतल्या लहान पोरालाही पाठ असतात. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, गणपतीचे मंडळ आणि फुटबॉलचा संघ एकाच छपराखाली. मोहरमचे पंजे आणि गणपती दोन्ही बसवणाऱ्या तालमी याच शहरात आहेत. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटवले गेले. त्या शहराकडे एकमेकांत मिसळण्याची जी काही जिवंत साधने उरली आहेत, त्यात शाहू स्टेडियमचा क्रमांक बराच वर लागतो. तिथे पोरगा पेठेचा असतो, मग जातीचा.

तरी कोल्हापूरला उद्याच सुपर लीगचा संघ द्या, असे आम्ही म्हणत नाही. स्टेडियम त्या मापाचे करावे लागेल. समर्थकांच्या मारामाऱ्या थांबवाव्या लागतील, त्यापायी सामने बंद पाडून शहराने आपलीच अब्रू घालवली आहे. पण तालमींनी एकत्र येऊन एक क्लब काढावा, त्यात कोल्हापूरकरांचे भाग असावेत, त्याने राष्ट्रीय स्तरावर खालून सुरुवात करावी आणि राज्य सरकारने मैदानाला पैसे द्यावेत, ही मागणी आजच करता येते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव विश्वचषक खेळला आणि मग जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल असा फिरला. त्याला स्वतःच्या गावात व्यावसायिक फुटबॉल खेळायला जागाच नव्हती. नागपूर-कामठीकडेही पाहा. रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब अशा संघांची तिथली लीग आणि विजय बारसे यांनी उभे केलेले झोपडपट्टी फुटबॉलचे काम, हे सगळे मुंबईच्या कार्यालयांतून दिसत नाही.

'तुम्हाला मुसलमानांची शहरे हवीत'

हा आरोप होणार, म्हणून आधीच बोलून टाकू. कोझिकोड आणि श्रीनगर ही नावे आली की काहींच्या भुवया वर जातात. आयझॉल आणि कोल्हापूर त्यांना त्याच यादीत दिसत नाहीत.

आम्हाला कोणत्याही धर्माचा संघ नको. या देशाने तो प्रयोग मुंबईच्या क्रिकेटमध्ये करून पाहिला आहे. हिंदू, मुस्लिम, पारशी असे संघ पाडून खेळली जाणारी पंचरंगी स्पर्धा १९४६ मध्ये बंद झाली, ते योग्यच झाले. कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग १८९१ चा. १९३४ मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब आणि पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे विजेता. आज त्याच्या जर्सीत सगळ्या धर्मांचे खेळाडू आहेत. २०२४ मध्ये तो आय-लीग जिंकून, म्हणजे पायऱ्या चढून, सुपर लीगमध्ये आला. आणि पहिल्याच हंगामात पगार थकले, संघ तळाला गेला. वारसा मोठा असला तरी कारभार स्वच्छ नसेल तर काय होते, याचा तो धडा आहे. हैदराबादचाही तोच धडा. सय्यद अब्दुल रहीम यांचे ते शहर. त्यांच्या प्रशिक्षणाखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके जिंकली. पण स्थानिक लीग सुकली होती, आणि निव्वळ पूर्वजांच्या फोटोवर स्टेडियम भरत नाही.

आपल्या समाजालाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी केरळमधल्या खतिबांच्या एका संघटनेने फुटबॉलच्या 'वेडा'विरुद्ध इशारा दिला. इबादत चुकू नये हे सांगणे त्यांचे काम आहे. पण तरुणांना मैदानातून ओढून घरी बसवणे, आणि मुलींना तर मैदानाच्या दारापर्यंतही न जाऊ देणे, यात कसले भले? नवा संघ ज्या शहराला मिळेल त्याच्या गॅलरीत बायकांना निर्धोक बसता आले पाहिजे आणि मैदानावर मुलींचा संघ असलाच पाहिजे. ही अट आम्ही इतरांना घालतो, तर आधी आपल्या मोहल्ल्याला घातली पाहिजे.

चार अटी

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडू.

एक: ज्या शहरात स्थानिक लीग दरवर्षी नियमाने खेळली जाते, त्याच शहराचा अर्ज घ्या. सामने शहरातच झाले पाहिजेत. नाव वाराणसीचे आणि घरचे मैदान बंगालमधल्या कल्याणीचे, असे इंटर काशीच्या बाबतीत झाले. वाराणसीच्या पोराने आपला संघ बघायला कल्याणीला जायचे का?

दोन: भागीदारीत शहराचा हिस्सा ठेवा. जर्मनीत क्लबमधली बहुसंख्य मते सभासदांकडे असावीत असा नियम आहे. तेवढे जमले नाही तरी संघ दुसऱ्या शहरात हलवण्याचा निर्णय समर्थकांच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय होता कामा नये.

तीन: वर चढणे आणि खाली उतरणे दोन्ही खरे करा. २०१९ मध्ये आखलेल्या आराखड्यात २०२४-२५ पासून तळाचा संघ खाली जाणार होता. गेला नाही. खाली पडण्याची भीती नसलेला मालक संघाची काळजी घेत नाही.

चार: मुलींचा आणि मुलांचा युवा संघ कागदावर नको, मैदानावर दाखवा.

या अटी लावून यादी पुन्हा करा. विमानतळ, हॉटेल, जाहिरातदार यांचे रकाने शेवटी ठेवा. कोझिकोड, श्रीनगर, आयझॉल वर येतील. पुण्या-दिल्लीला पुन्हा यायचे असेल तर त्यांनीही खालून, पायऱ्या चढून यावे. कुणाला मज्जाव नाही. कोल्हापूरने आजपासून तयारीला लागावे. पेठांची भांडणे मैदानावरच्या नव्वद मिनिटांपुरती ठेवावीत आणि क्लबसाठी एका टेबलाशी बसावे. आमदार-खासदार मत मागायला येतील तेव्हा त्यांना एकच विचारा: स्टेडियमचे काय केले?